घरची भट्टी : चॉकलेट, कॉफी आणि आपला उन्हाळा

चॉकलेटचा आणि कॉफीचा केक घरी कसा भाजावा, हा विषय व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर पाहून काही श्रोत्यांच्या कपाळाला आठी पडली असेल. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला. तेव्हापासून गावोगावच्या अशा मालांतून राज्यकारभार, इतिहास, वाङ्मय आणि अध्यात्म यांवर पुष्कळ बोलले गेले आहे. त्या पंक्तीला केक आणून बसविणे, आणि तेही कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने, हे वरवर पाहता विजोडच दिसते. तथापि आज परभणीत काय किंवा आमच्या पोखर्णीत काय, मुलाच्या वाढदिवसाला केक येतोच. तो कशाचा असतो, कोणाच्या हातचा असतो, त्याचे दाम कोणाला पोचतात, आणि घरी करू म्हटले तर तो मधोमध का बसतो, हे विचारण्यात हलके असे काहीच नाही.

मला या विषयाची गोडी लागली ती बेकरीतल्या कामगारांमुळे. त्यांची सभा घ्यावयाची म्हणजे भट्टीचे वेळापत्रक सांभाळावे लागते. पाव रात्री होतो, पहाटे सायकलींवर चढतो, आणि मग कोठे माणसे मोकळी होतात. अशा सभा आटोपल्यावर चहा घेता घेता बोलणे निघे ते पिठाचे आणि आचेचे. चार इयत्ता शिकलेली ही माणसे भट्टीच्या तोंडाशी नुसता हात नेऊन सांगत, की आता पाव घालावा, आता खारी, आणि नानकटाई अजून अर्ध्या तासाने. त्यांनी सांगितलेले मी पुढे वाचनालयातल्या पुस्तकांशी ताडून पाहिले, तेव्हा दोन्हींचा मेळ बसला. फरक एवढाच, की पुस्तके थंड देशांत लिहिली गेली होती आणि भट्ट्या आपल्याकडच्या होत्या. हा फरक वाटतो तितका लहान नाही; माझे बरेचसे बोलणे त्याभोवतीच फिरणार आहे.

भाजणे ही कला आपल्याला परकी आहे, हा समज आधी दूर केला पाहिजे. मराठवाड्यात गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजतात; बाहेरून खरपूस कवच आणि आत शिजलेला मऊ गर, हे भट्टीचेच काम झाले. कोकणात काकडीचे धोंडस करतात तेव्हा पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवतात, म्हणजे खालून व वरून सारखी आच लागते. गोव्यातली बेबिंका एकेक थर ओतून, दर थराला वरून आच देऊन सिद्ध होते. आणि नानकटाई तर आपल्यापैकी पुष्कळांच्या आठवणीतली. दिवाळी आली की रवा, मैदा, पिठीसाखर, डालडा डब्यात भरून बेकरीवर न्यावयाचे, तेथल्या पत्र्याच्या ट्रे भाड्याने घ्यावयाच्या आणि आपल्या देखत भाजून घेऊन यावयाचे. घरात भट्टी नव्हती, म्हणून गावची भट्टी वापरली. ही रीत आता मागे पडत चालली आहे, याचे मला वाईट वाटते. सामायिक भट्टी ही चांगली संस्था होती.

आता भट्टी म्हणजे काय ते पाहू. चारी बाजूंनी कोरडी, स्थिर उष्णता देणारी बंद जागा, एवढीच तिची व्याख्या. केकला साधारणतः १६० ते १८० अंश सेल्सियस उष्णता लागते. आत ठेवलेल्या सरसरीत पिठात सोड्याचा वायू सुटतो, पाण्याची वाफ होते, पिठातले बुडबुडे मोठे होतात आणि पीठ वर येते. त्याच वेळी दुसरी क्रिया चालू असते. पिठातले पिष्ट पाणी पिऊन फुलते, अंडे घातले असेल तर ते घट्ट होते, आणि बुडबुड्यांच्या भोवती भिंती उभ्या राहतात. फुगणे आधी आणि भिंती नंतर, असा हा क्रम आहे. भिंती पक्क्या होण्यापूर्वी कोणी उत्सुकतेने झाकण उघडले किंवा वीज गेली, तर वायू आकसतो आणि केक मधोमध बसतो. पहिला अर्धा तास झाकणाला हात लावू नये असे सांगतात, त्याचे कारण हेच. सोडा वाजवीपेक्षा जास्त पडला तरी केक बसतो. भिंती उभ्या राहण्याआधीच बुडबुडे फुटून जातात आणि वर साबणासारखी चव राहते.

विजेचा लहान ओव्हन असेल तर उत्तमच. परंतु नसला म्हणून अडत नाही. जाड बुडाचे मोठे पातेले किंवा जुना कुकर घ्यावा. तळाशी बोटाच्या एका पेराइतका जाड मिठाचा किंवा धुऊन वाळविलेल्या वाळूचा थर द्यावा, त्यावर तिवई किंवा उलटी ताटली ठेवावी आणि झाकण लावून दहा मिनिटे मध्यम आचेवर तापवावे. कुकर असेल तर रबरी रिंग आणि शिटी दोन्ही काढून ठेवावयाची. पाणी मुळीच घालावयाचे नाही. येथे वाफेचा दाब नको आहे, कोरडी ऊब हवी आहे. मीठ किंवा वाळू हे उष्णतेचे कोठार होय. गॅसची ज्योत वरखाली झाली तरी कोठारातली ऊब लगेच हलत नाही. नवा कुकर मात्र यासाठी वापरू नये, कोरडा तापवून तो खराब होतो. अशा भट्टीत वरून आच नसल्यामुळे केकचा माथा फिकट राहतो. चॉकलेटचा केक मुळातच काळा असतो, त्यामुळे ते उणेपण दिसत नाही. गरिबाच्या भट्टीला हा केक जमतो तो असा.

आता चॉकलेटकडे वळू. कोकोचे झाड मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातले. त्याची फळे फणसाप्रमाणे थेट खोडाला लागतात. फळातले बी गरासकट काढून पाच-सहा दिवस आंबवितात, उन्हात वाळवितात, मग भाजतात, तेव्हा कोठे चॉकलेटचा वास येतो. मध्य अमेरिकेतले लोक शेकडो वर्षे त्याचे पेय करून पीत आणि बिया नाण्यांसारख्या वापरीत. भाजलेल्या बीच्या गरात निम्म्याहून थोडी अधिक चरबी असते. तिला कोकोचे लोणी म्हणतात. १८२८ साली हॉलंडातल्या व्हान हौटेन यांच्या कारखान्याने ती दाबून वेगळी करण्याचे यंत्र काढले. मागे जो चोथा उरला, तो दळून झाली कोको पावडर. पुढे १८४७ साली इंग्लंडात फ्राय यांनी खाण्याची वडी काढली, आणि १८७५ साली स्वित्झर्लंडात डॅनियल पीटर यांनी तीत दूध मिसळले. म्हणजे ज्याला आपण चॉकलेट म्हणतो ते वडीचे रूप पावणेदोनशे वर्षांचेच आहे, आणि ते यंत्रयुगाचे अपत्य आहे.

कोकोच्या लोण्याचा एक गुण फार मोलाचा. ते सुमारे ३४ अंशांवर वितळते, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेच्या किंचित खाली. म्हणून वडी हातात कडक राहते आणि जिभेवर विरघळते. पण ही झाली युरोपातली गोष्ट. परभणीत चैत्र-वैशाखात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. तेथे ती वडी हातात घेण्यापूर्वी कागदातच वितळलेली असते. लोण्याचेही तसेच. इंग्रजी पुस्तकात लिहिलेले असते की घरातल्या उष्णतेचे मऊ लोणी घ्या आणि साखरेबरोबर फेसून हलके करा. त्या लेखकाचे घर १८-२० अंशांचे असते. त्या ऊबेला लोणी मऊ असते पण पातळ नसते, म्हणून फेसताना त्यात हवा कोंडली जाते आणि केक हलका होतो. आपल्याकडे मे महिन्यात तेच लोणी वाटीत तेलासारखे होते. तेलात हवा कोंडता येत नाही. बाई बिचारी अर्धा तास फेसते, हात दुखवून घेते, केक दगड होतो, आणि ती समजते की आपल्याला हे काम येत नाही. तिच्या हातात काही खोट नसते. पुस्तकातली कृती आपले हवामान बरोबर घेऊन आलेली असते, आणि ते हवामान आपल्याकडे नसते. ही एक गोष्ट ध्यानात आली की निम्मे अपयश टळते. लोणी फेसून करावयाचे केक मार्गशीर्ष-पौषात करावेत. उन्हाळ्यात तेलाचे किंवा वितळविलेल्या लोण्याचे केक करावेत, ज्यात हवा कोंडण्याचे काम सोड्याकडे किंवा अंड्याकडे असते.

असा तेलाचा एक केक मी सर्वांत आधी सुचवीन. अमेरिकेत तो मंदीच्या आणि महायुद्धाच्या टंचाईच्या काळातला म्हणून ओळखला जातो. त्यात अंडे नाही, दूध नाही, लोणी नाही. टंचाईत जन्मलेला पदार्थ म्हणून मला त्याचे कौतुक अधिक. मैदा १९० ग्रॅम, म्हणजे चहाचे दीड मोठे कप; साखर २०० ग्रॅम; कोको ३० ग्रॅम; खाण्याचा सोडा एक लहान चमचा, सपाट; मीठ अर्धा लहान चमचा. हे सारे दोनदा चाळून घ्यावे. दुसऱ्या भांड्यात एक मोठा कप, म्हणजे २४० मिलिलिटर पाण्यात दोन लहान चमचे कॉफीची पूड विरघळवून कोमट होऊ द्यावी. तीत गोडे तेल ८० मिलिलिटर आणि व्हिनेगर एक मोठा चमचा घालावा. शेंगदाण्याच्या घाण्याच्या तेलाला स्वतःचा वास असतो, म्हणून येथे सूर्यफुलाचे किंवा सोयाबीनचे बरे. ओले कोरड्यात ओतून, गुठळ्या मोडण्यापुरतेच ढवळावे आणि तेल लावलेल्या सात-आठ इंची भांड्यात घालून लगेच भट्टीत ठेवावे. व्हिनेगर आणि सोडा यांची गाठ पडताच वायू सुटू लागतो. तो शेजारणीशी बोलण्यात दवडू नये. ओव्हनमध्ये पस्तीस मिनिटे, पातेल्याच्या भट्टीत पन्नासेक. मध्यभागी सुरी घालून पाहावी, कोरडी निघाली की झाले.

ढवळावे कमी, यालाही कारण आहे. गव्हाच्या पिठात पाणी पडून ते मळले गेले की चिवटपणा येतो. पोळीला तो हवा, त्यामुळेच पोळी लाटता येते. केकला तो नको. येथे ज्वारी उपयोगी पडते. ज्वारीच्या पिठात हा चिवटपणा मुळीच नसतो, म्हणून भाकरी लाटता येत नाही, थापावी लागते. आपला जिल्हा ज्वारीचा, येथल्या कृषी विद्यापीठाने काढलेला 'परभणी मोती' हा रब्बी ज्वारीचा वाण कित्येक शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. तेलाच्या केकमध्ये मैद्यापैकी एक-तृतीयांश काढून तेथे बारीक चाळलेले ज्वारीचे पीठ घातले तर तो अधिक ठिसूळ आणि मऊ होतो. त्याहून जास्त घातले तर अंड्याच्या आधाराविना तो तुटतो.

पाण्याच्या जागी कॉफी का, असे कोणी विचारील. कोको आणि कॉफी दोन्ही भाजलेल्या बियाच. दोघींचा कडवटपणा आणि खमंगपणा एकाच जातीचा. थोडी कॉफी घातली की केकला कॉफीची चव येत नाही, चॉकलेटचीच चव गडद होते. आमटीत गूळ घातला तर आमटी गोड न होता तिखट-आंबट नीट जुळून येते, तसे हे आहे. कॉफीचीच चव हवी असेल तर प्रमाण तिप्पट करावे. पाकिटावर मात्र नजर टाकावी. पुष्कळ स्वस्त कॉफीत चिकोरी मिसळलेली असते. चिकोरी ही एका वनस्पतीची भाजलेली मुळी. ती विष नव्हे, कायद्याने तिला मुभा आहे, पण मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर लिहावे लागते. ज्याला कॉफीचे पैसे द्यावयाचे आहेत त्याने ते प्रमाण वाचून द्यावेत.

कॉफी आपल्या देशात सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी आणली, मक्केहून येताना सात बिया त्यांनी लपवून आणल्या, असे चिकमंगळूरकडची परंपरा सांगते. तेथल्या डोंगराला त्यांचे नाव आहे. महाराष्ट्रात कॉफीची झाडे पाहावयाची तर मेळघाटातल्या चिखलदऱ्याला जावे लागते. आणि चळवळीतल्या माणसासमोर कॉफीचे नाव निघाले की त्याला कॉफी हाउसची हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. १९३६ साली मुंबईत चर्चगेटला पहिले इंडिया कॉफी हाउस निघाले. देशात कॉफीचा खप वाढविण्यासाठी नेमलेल्या समितीचे ते; पुढे कॉफी बोर्डाने अनेक शहरांत ती चालविली. १९५०च्या दशकात बोर्डाने ती बंद करावयास घेतली, तेव्हा नोकरी गेलेल्या वाढप्यांना आणि आचाऱ्यांना ए. के. गोपालन यांनी सांगितले की तुम्हीच ती चालवा. १९५७ साली बंगळूरला कामगारांची पहिली सहकारी संस्था उभी राहिली, त्याच वर्षी दिल्लीला दुसरी, आणि मग इतरत्र. कालपर्यंत पेला पुसणारा माणूस आज संस्थेचा सभासद म्हणून सर्वसाधारण सभेत हात वर करू लागला. त्यांतली काही कॉफी हाउसे आजही चालू आहेत. ही गोष्ट मी येथे उगाच आणलेली नाही. घरच्या केकचा धंदा करणाऱ्या बायकांविषयी पुढे बोलावयाचे आहे, तेव्हा तिचा उपयोग होईल.

आता भारी केककडे येऊ, ज्याला खरोखर श्रीमंती म्हणावे असा. २०० ग्रॅम काळे चॉकलेट, २०० ग्रॅम बिनमिठाचे लोणी, १५० ग्रॅम साखर, चार अंडी, ५० ग्रॅम पीठ, आणि दोन चमचे कॉफीची पूड चमचाभर गरम पाण्यात विरघळवून. पीठ इतके थोडे आहे की येथे ते सगळे ज्वारीचे घेतले तरी चालते; केक उभा राहतो तो अंड्यावर. चॉकलेट आणि लोणी एका भांड्यात घालून ते भांडे उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवून वितळवावे. भांड्याचे बूड पाण्याला लागू देऊ नये. अंडी आणि साखर पांढुरकी व दाट होईपर्यंत फेसावी. सात-आठ मिनिटे लागतात, आणि उन्हाळ्यात हे काम अधिकच चांगले होते, कारण कोमट अंडी जास्त हवा धरतात. मग दोन्ही हलक्या हाताने एकत्र करून, पीठ वरून चाळून घालून, १६० अंशांवर पस्तीस मिनिटे भाजावे. मध्यभाग थोडा हलता असतानाच काढावा. निवताना तो खाली बसतो, वरची पापडी तडकते. येथे बसणे हा दोष नव्हे, या केकचा तो स्वभावच आहे.

चॉकलेट वितळविताना एक अपघात हटकून होतो. वाफेचा एखादा थेंब आत पडतो आणि गुळगुळीत चॉकलेट क्षणात रेतीसारखे घट्ट होते. गृहिणी ते जळले समजून टाकून देते, आणि महाग माल वाया जातो. वास्तविक ते जळलेले नसते. चॉकलेट म्हणजे चरबीत तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे अतिसूक्ष्म कोरडे कण. थेंबभर पाणी पडले की ते कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात, जसे पिठीसाखरेच्या डब्यात ओला चमचा घातल्यावर खडे बनतात. थोडे पाणी शत्रू, पुष्कळ पाणी मित्र, असा हा चमत्कारिक न्याय आहे. अशा चॉकलेटमध्ये दोन-तीन चमचे गरम दूध किंवा कॉफी आणखी घालून ढवळले की कण सुटे होतात आणि दाट रस तयार होतो. तो वडीला चालणार नाही, पण केकवर ओतावयास उत्तम. किंबहुना केकवर ओतण्याचा रस मुद्दाम असाच करतात: चॉकलेट आणि गरम केलेली दाट साय समभाग घेऊन, दोन मिनिटे थांबून, मधून बाहेर असे ढवळत.

बाजारात काळ्या लाद्या मिळतात त्या सगळ्या चॉकलेट नसतात. पुष्कळ लाद्यांत कोकोचे लोणी काढून त्याजागी दुसरी वनस्पतिजन्य चरबी घातलेली असते. दुकानदार तिला कंपाउंड म्हणतात. ती स्वस्त असते, उन्हात लवकर वितळत नाही, तिच्यावर केक सजविणे सोपे जाते. सजावटीला ती वापरण्यास माझी हरकत नाही. पण ती तोंडात विरघळत नाही, टाळूला मेणासारखी चिकटते, आणि वरच्या भारी केकमध्ये घातली तर सारा खर्च फुकट जातो. पाकिटाच्या मागे घटकांची यादी बारीक अक्षरांत छापलेली असते. तीत कोको बटर आहे की वनस्पती चरबी, एवढे वाचले म्हणजे निवाडा होतो. कोको पावडरीचेही दोन प्रकार असतात. एक साधी, फिकट आणि आंबटसर. दुसरी क्षाराने संस्कारलेली, गडद आणि सौम्य, ही रीतही व्हान हौटेन यांच्याकडचीच. साध्या कोकोतल्या आम्लावर सोडा काम करतो. संस्कारित कोकोत आम्ल उरलेले नसते, म्हणून त्याबरोबर बेकिंग पावडर घ्यावी. तेलाच्या केकमध्ये व्हिनेगर असल्याने तेथे कोणताही चालतो.

महाग माल म्हणालो, तेव्हा तो महाग का हेही सांगितले पाहिजे. जगातला निम्म्याहून अधिक कोको पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो, तोही बहुतांशी लहान शेतकऱ्यांच्या हातून. वाईट हवामान आणि फांद्या सुजविणारा विषाणुरोग यांनी तेथले पीक बुडाले, आणि २०२४च्या मार्चमध्ये कोकोचा भाव टनाला दहा हजार डॉलरवर गेला. कापसाच्या आणि सोयाबीनच्या शेतकऱ्याला हे सांगावयास नको, की भाव चढतो तेव्हा त्याच्या घरात माल नसतो. या धंद्याचा भूतकाळही गोड नाही. साओ तोमे बेटावर पोर्तुगीज मळ्यांत वेठबिगारीने कोको काढला जाई; हेन्री नेव्हिन्सन या पत्रकाराने ते उजेडात आणले, आणि १९०९ साली कॅडबरी, फ्राय, राउंट्री या इंग्रज कंपन्यांनी तेथला माल घेणे थांबविले. प्रश्न तेवढ्याने मिटला नाही. २०२० साली शिकागो विद्यापीठाशी संलग्न संस्थेने केलेल्या पाहणीत आयव्हरी कोस्ट आणि घानाच्या कोको भागांत सुमारे १५ लाख ६० हजार मुले बालमजुरीत असल्याचे आढळले. आपल्या देशात केरळ, आंध्र, कर्नाटक आणि तमिळनाडूत नारळी-सुपारीच्या बागांत आंतरपीक म्हणून कोको होतो. सुपारी-उत्पादकांची कॅम्पको ही सहकारी संस्था १९७३ साली निघाली आणि तिने १९८६ साली पुत्तूरला स्वतःचा चॉकलेटचा कारखाना काढला. शेतकऱ्याच्या संस्थेचे चॉकलेट मिळत असेल तर मी ते आधी घेतो. हा पक्षपात आहे, आणि तो मी लपवीत नाही.

ज्यांना भट्टीही नको त्यांच्यासाठी कॉफीचे कस्टर्ड सांगतो. अर्धा लिटर दूध कोमट करून त्यात ७५ ग्रॅम साखर आणि दोन चमचे कॉफी विरघळवावी, तीन अंडी न फेसता नुसती मोडून मिसळावीत आणि गाळून घ्यावे. भांड्याच्या तळाशी साखर जाळून तांबूस पाक ओतलेला असावा. मग झाकण ठेवून, कुकरमध्ये पाणी घालून, शिटी न लावता मंद वाफेवर अर्धा तास. खरवस ज्या बेताने वाफवितात तोच बेत येथे आहे. सुमारे ८० अंशांना अंडे दुधाला धरून ठेवते. आच वाढली की ते आवळले जाते, पाणी सोडते आणि जाळी पडते. खरवस करणाऱ्या बाईला हे कोणी शिकविण्याची गरज नाही.

हे सारे करावयास निवांत वेळ पाहिजे. रविवारच्या सुट्टीचा उगम पुष्कळांना ठाऊक नसतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून अर्ज, सभा, सह्या यांची मोहीम चालविली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. मात्र ती सुट्टी स्वयंपाकघरापर्यंत पोचली नाही. उलट रविवारी तेथले काम वाढते. तेव्हा केक करावयाचा तर घरातल्या पुरुषांनी अंडी फेसण्याचे काम आपल्याकडे घ्यावे. त्याला अक्कल कमी आणि दंड जास्त लागतो.

आणि आता ज्या बायका घरी केक करून विकतात त्यांच्याविषयी. गावोगाव त्या आहेत, बचत गटांतही आहेत. त्यांचा हिशेब मी पाहिला आहे, आणि त्यात एक रकाना नेहमी कोरा असतो. समजा, एका केकला माल १८० रुपयांचा लागला, गॅस आणि खोका मिळून ३० रुपये. केक ३०० रुपयांना दिला. बाई म्हणते, ९० रुपये सुटले. तिने चाळणे, फेसणे, भाजणे, सजविणे आणि भांडी घासणे यांत तीन तास घातले. म्हणजे तासाला ३० रुपये पडले, नफा शून्य. ती कोणाची नोकर नाही, म्हणून किमान वेतनाचा आधार तिला नाही. ती स्वतःलाच कमी मजुरी देणारी मालकीण होऊन बसली आहे. शेजारची दुसरी बाई २८० ला देते म्हणून ही २६० ला देते, आणि गिऱ्हाईक दोघींनाही घासाघीस शिकविते. तासाची मजुरी आधी धरावी, मालात मिळवावी, मग दर सांगावा. गावातल्या पाच-सहा जणींनी मिळून एक दर ठरविला, मैदा-कोको एकत्र घाऊक आणला, आणि एकच मोठा ओव्हन सामायिक घेतला, तर पूर्वीची नानकटाईची भट्टी नव्या रूपाने परत येईल. कॉफी हाउसच्या वाढप्यांनी याहून अवघड काम केले होते. विक्री करावयाची तर २००६च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्यावी. ती लहान धंद्यालाही लागते.

केक टिकविण्याविषयी शेवटी. तेलाचा केक पूर्ण निवल्यावर डब्यात झाकून ठेवला तर थंडीत तीन दिवस, उन्हाळ्यात दीड दिवस चांगला राहतो, आणि दुसऱ्या दिवशी अधिक मऊ लागतो. भारी केक फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, मग कापावा, म्हणजे कडा स्वच्छ येतात. कस्टर्ड त्याच दिवशी संपवावे. साय घातलेला चॉकलेटचा रस ओतलेला केक मे महिन्यात दुपारच्या एस.टी.ने कोणाकडे पाठवू नये. सकाळच्या गाडीने पाठवावा, आणि डब्याभोवती ओले फडके गुंडाळावे.